परमुलखातला अंतकाळ



श्रोतेहो, गीतेचा आठवा अध्याय निघाला की अंतकाळाचा विषय येतोच. शेवटच्या घटकेला मन जिथे गुंतलेले असेल तिकडे जीव जातो, हा भगवंतांचा अभिप्राय. माउलींनी तो इतका उलगडून सांगितला आहे की त्यावर आम्ही पामरांनी नवे ते काय बोलावे! पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. या अध्यायावर मी चाळीस वर्षे ऐकले आणि थोडेफार बोललोही. त्यात सगळे बोलणे जाणाऱ्याशी चालते. त्याने काय आठवावे, त्याच्या मुखात काय असावे, त्याने कोणती आस सोडावी. उशाशी बसलेल्याशी मात्र कोणी बोलत नाही. आज त्याच्याशी बोलायचे आहे.

पूर्वी याची गरज नव्हती म्हणा. माणूस घरातच जात असे. जमीन सारवायची, त्यावर कांबळे अंथरायचे, उशाशी समई, मुखात गंगा आणि तुळशीपत्र, ओसरीवर टाळ घेऊन गावचे भजनी. म्हाताऱ्याने नुसती बोटे हलवली तरी सुनेला कळे की माळ हवी आहे. सारा गाव त्याच बोलीचा. आता देह ठेवायची जागा म्हणजे दवाखान्याची खाट. आणि ती खाट कित्येकदा दुसऱ्या मुलखात असते. तिथे उशाशी बसणाऱ्याला आपली भाषा येत नाही, आपल्या गळ्यात काय आहे ते कळत नाही, आणि आपण 'नको' म्हटले तर ते का म्हटले याचा पत्ता लागत नाही.

फलटणकडच्या एका माईची हकीकत सांगतो. तिच्या मुलानेच ती मला आळंदीत कार्तिकीला सांगितली. एकतीस वर्षे वारी केलेली बाई. नवरा गेल्यावर मुलगा तिला इंग्लंडला घेऊन गेला. तिथे पोटात गाठ निघाली, ती हाताबाहेर गेलेली. मोठ्या इस्पितळात ठेवले. तिला तपासणीच्या यंत्राखाली न्यायचे म्हणून तिथल्या पोरीने रीतीप्रमाणे गळ्यातली माळ उतरवली आणि चपला, चष्मा यांच्याबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकली. श्रोतेहो, त्या पोरीचा यात काडीचा दोष नाही. तिने बायकांच्या गळ्यातले दागिने रोज उतरवले होते, हाही एक. पण आळंदीला माळ घातल्यापासून जी गळ्यातून निघाली नव्हती ती चपलांशेजारी पडली. माईने आकांत केला. कागदावर लिहिले गेले, "रुग्ण अस्वस्थ, गोंधळलेली."

चार दिवसांनी एकादशी आली. माईने सकाळची लापशी परत पाठवली, दुपारचेही परत. कागदावर लिहिले, "अन्नावरची वासना गेली." द्वादशीला तिने दोन घास खाल्ले तेव्हा लिहिले, "सुधारणा." मुलगा हे सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. वेदना वाढल्या. डॉक्टरांनी अफूच्या सत्त्वाचे, म्हणजे मॉर्फिनचे औषध देऊ केले. माई तोंड घट्ट मिटून घेई. मुलाला विचारले तर तो सांगे, "तिला फारसं दुखत नाही." का सांगे? कारण आईला काय झाले आहे हे त्याने आईपासून लपवले होते. दुभाषी तोच. डॉक्टर इंग्रजीत एक बोलत, तो मराठीत दुसरे सांगे. आई मराठीत एक बोले, तो इंग्रजीत तिसरे सांगे. आपल्या लेकरांचे प्रेम असे असते. आईला कळले तर ती खचेल, म्हणून तो एकटा दोघांच्या मध्ये भिंत होऊन उभा राहिला. तिकडच्या आरोग्यखात्याची सूचनाच आहे की अशा बोलण्यात घरच्या माणसाला, त्यातून लहान मुलाला तर नाहीच, दुभाषी करू नये. यंत्रणा आहे, दूरध्वनीवर दुभाषी मिळतो. पण घाईत कोण बोलावतो? मुलगा समोर उभा आहे, चांगले इंग्रजी बोलतो आहे, मग आणखी काय हवे!

अडचण सुटली ती केरळातल्या एका नर्सबाईमुळे. ती स्वतः ख्रिस्ती, मराठीचा गंध नाही. पण पिशवीतली माळ तिच्या हाती लागली आणि तिला आपल्या आजीची जपमाळ आठवली. तिने ती माईच्या गळ्यात घातली, आणि तास खोळंबून दूरध्वनीवर मराठी दुभाषी मिळवला. मुलाला बाहेर बसवले. माईला विचारले, "औषध का नको?" माई म्हणाली, "त्या औषधानं गुंगी येती. गुंगीत जीव गेला तर नाम कोण घेणार? जन्मभर राखलं ते शेवटाला घालवू व्हय?"

आणि पुढे आपणहून बोलली, "मला काय झालंय ते मला ठावं हाय. लेकाला बरं वाटावं म्हणून गप हाय."

पहा, दोघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत होते.

आता इथे थोडे थांबतो, कारण माईची शंका तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आहे, आणि ती खुळी नाही. नाम शुद्धीत घडावे ही वारकऱ्याची आयुष्यभराची हौस. डॉक्टरांनी त्या दिवशी तिला जे समजावले ते असे. हे औषध वेदनेच्या मानाने, थोडे थोडे वाढवीत दिले तर माणूस त्याने मरत नाही आणि कायमचा बेशुद्धही पडत नाही. पहिले दोन-तीन दिवस झापड येते, मग बहुधा उतरते. झापड नकोशी वाटली तर मात्रा कमी करता येते, म्हणजे थोडे दुखणे सोसून अधिक जागे राहायचे, हे रुग्णाने ठरवायचे. बद्धकोष्ठ होते, त्यावर दुसरे औषध बरोबर द्यावे लागते. एवढे साधे बोलणे. पण ते तिच्या भाषेत तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि तिने नकार का दिला हेही कोणी तिच्या भाषेत विचारले नव्हते. म्हणून तीन आठवडे ती बाई तळमळत पडली.

तिने लहान मात्रा घेतली. पहिली रात्र शांत झोपली. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून हरिपाठ म्हटला आणि मुलाला म्हणाली, "इतके दिस नुसता दुखण्याचाच जप चालला व्हता रे."

पुढे तीन आठवड्यांनी ती वैकुंठवासी झाली. भुईवर निजवा असा तिचा हट्ट होता. तिथे ते बसेना, तेव्हा त्यांनी खाट उतरवता येईल तितकी खाली उतरवली आणि मुलाने खाली सतरंजीवर बसून तिचा हात धरला. गंगेची लहान बाटली नर्सबाईने कापसाच्या बोळ्याने तिच्या ओठांना लावली. शेवटच्या घटकेला गिळण्याची शक्ती गेलेली असते, पळीभर पाणी ओतले तर ते श्वासनळीत उतरून ठसका लागतो. ओला बोळा ओठांना, जिभेला लावावा. आपल्याकडेही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण प्रेमाने पळ्यामागून पळ्या ओततो.

वृद्धपणी मागाहून शिकलेली भाषा आधी गळून पडते, विशेषतः मेंदू थकला म्हणजे. पन्नास वर्षे विलायतेत इंग्रजी बोललेला माणूस शेवटी आईच्या भाषेवर येतो आणि शेजारची नर्स म्हणते, काल तर चांगला बोलत होता! लंडनात महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तेव्हाच्या तरुणांची नातवंडे आता तिथलीच झाली. तेव्हा हा प्रश्न माईसारख्या नव्याने गेलेल्यांचाच आहे असे समजू नये.

पण विलायतेच्या नावाने बोटे मोडण्याआधी एक ऐका. मरणाऱ्या माणसाची सेवा हे स्वतंत्र शास्त्र मानून आज जगभर जी घरे निघाली आहेत, त्यांचा उगमच एका परदेशी रुग्णाच्या खाटेपाशी आहे. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलंडचा ज्यू निर्वासित कर्करोगाने मरत होता. वय चाळीस, वेटरचे काम केलेला, जवळचे कोणी नाही, मुलूख दूर, धर्म निराळा. त्याच्याशी बोलायला सिसिली साँडर्स ही तिथली समाजसेविका येऊन बसे. वेदना थांबवणे आणि आपले म्हणून कोणी ऐकणे, या दोन गोष्टी अशा माणसाला एकाच ठिकाणी मिळाव्यात, अशी जागा कुठे आहे, हे त्या दोघांचे बोलणे. त्याने जाताना तिला पाचशे पौंड दिले आणि सांगितले की तुझ्या त्या घरातली मी एक खिडकी होईन. ती बाई पुढे वैद्यक शिकून डॉक्टर झाली. त्या खिडकीभोवती घर उभे करायला तिला एकोणीस वर्षे लागली. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे घर उघडले. दुखणे नुसत्या देहाचे नसते, मनाचे, नात्यागोत्याचे, देवाशी असलेल्या नात्याचेही असते आणि ते सगळे मिळून एकच असते, हा तिचा सिद्धांत. आपल्या मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ मध्ये निघाले, ते भारतातले असे पहिले घर. केरळात १९९३ पासून कालिकतला जे काम सुरू झाले त्यात पुढे गावोगावचे साधे लोक, शिक्षक, दुकानदार, शेजारीपाजारी घरोघर जाऊन अशा रुग्णांची चौकशी करू लागले. ज्याची बोली ठाऊक, ज्याचा देव ठाऊक, असाच माणूस दारात येतो.

श्रोतेहो, इथपर्यंत आपण परमुलखात होतो तेव्हाचे बोललो. आता आपण घरचे मालक असतो तेव्हाचे बोलायचे, आणि यात मला माझेच पाप सांगावे लागणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू वऱ्हाडातल्या एका सरकारी दवाखान्यात होते. मी रात्री त्यांच्याजवळ बसे. शेजारच्या खाटेवर मेळघाटातला एक म्हातारा कोरकू होता. मुलगा त्याला आणून सोडून औषधासाठी की पैशांसाठी गावी परतला होता. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती म्हटले तरी चालेल. मेळघाट म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. पण कोरकू बोली मराठीच्या, हिंदीच्या कुळातली नव्हेच. ती मुंडा कुळातली, तिच्या बहिणी तिकडे झारखंडात संथाळी, मुंडारी. शेकडो कोस दूर पडलेली ही एकटी बहीण.

तो म्हातारा रात्रभर एकच बोल बोलत होता. "डा... डा..."

सिस्टरला वाटले, डॉक्टरांना हाक मारतो आहे. तिने सांगितले, "डॉक्टर सकाळी येतील, बाबा." वॉर्डातली मावशी म्हणाली, "दादा म्हनते वाटते, पोराले बलावत असंल." मला वाटले, वेदनेने कण्हतो आहे. मी वारकरी, गळ्यात माळ, मला मोठी करुणा आली. मी उठून त्याच्या उशाशी बसलो, त्याच्या कानात मोठ्याने विठ्ठलनाम म्हटले, आणि माझ्या ग्रंथातले तुळशीचे वाळलेले पान त्याच्या ओठांना लावले. त्याने मान फिरवली. पुन्हा तेच, "डा." मला जरा रागही आला, खोटे कशाला बोलू? नाम कानी पडते आहे आणि हा तोंड फिरवतो! पहाटे तो गेला.

सकाळी मुलगा आला. त्याला मोडकी मराठी येत होती. त्याने विचारले, "बाबा काय बोलला?" मी त्याला तो बोल सांगितला. तो खाली बसला. कोरकूत 'डा' म्हणजे पाणी.

माझ्या तांब्यात पाणी होते. हाताच्या अंतरावर.

त्याला सलाईन चालू होती, म्हणून पाणी द्यायचे कोणाच्या मनात आले नाही. सलाईनने देहाला पाणी मिळते, ओठ कोरडेच राहतात. ओला बोळा पुरला असता. नाथमहाराजांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथा मी किती वेळा सांगितली असेल! त्या गाढवाने कोणत्या भाषेत पाणी मागितले होते? नाथांना ते कळले. मला माणसाचे कळले नाही, कारण माझे लक्ष त्याच्या तहानेकडे नव्हतेच, त्याला सद्गती देण्याच्या माझ्या पुण्याकडे होते. नाम हे औषध खरे, पण ज्याने मागितले नाही त्याच्या ओठांवर मी ते ठेवले, आणि जे मागितले ते दिले नाही. त्याचा देव कोणता, त्यांच्यात जाणाऱ्याजवळ काय करतात, हे मी त्याच्या मुलालाही त्या दिवशी विचारले नाही. लाज वाटली.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले. किती मजूर दडपले, कोणाचे हाड कोणते, कोण सांगणार? नामदेवराय गेले आणि त्यांनी एकेक हाड कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलाचा ध्वनी आला ते चोखोबाचे, असे आपण सांगतो आणि ध्वनीचा चमत्कार वाखाणतो. मला आता त्या कथेत नामदेवरायांचा कान दिसतो. एवढा मोठा भक्त, राडारोड्यात बसून एकेक हाड उचलून ऐकतो आहे.

आणि हेच नामदेवराय पुढे पंजाबात गेले. घुमानला राहिले, तिथल्या लोकांना समजेल अशा भाषेत त्यांनी पदे केली. त्यांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. माझी मराठी तुम्हीच शिका, असे ते म्हणाले नाहीत. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला गीता मराठीत आणली तीही याच न्यायाने, ज्याच्यासाठी सांगायचे त्याच्या बोलीत. आपला पांडुरंग तर संतांच्या मते मूळचा कानडी मुलखातला. ज्या पंथाचा देवच परभाषेचा, त्या पंथाने भाषेची अडचण सांगावी हे शोभत नाही.

हे आपल्याकडे झालेले नाही असेही नाही. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे गेले तेव्हा माडियांची बोली त्यांना ठाऊक नव्हती. ती ते खुणांनी, चुकतमाकत शिकले, मग औषध चालू लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींनाच विचारले, की बाबांनो तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे ऐकण्यासारखी होती. तिथे सगळे पांढऱ्या कपड्यात, आणि पांढरे तर आम्ही मढ्याला गुंडाळतो. नातलगांना जवळ राहू देत नाहीत. आमची बोली कळत नाही. आणि तिथे आमचा देव नाही. मग दवाखाना झोपड्यांच्या खेड्यासारखा बांधला, नातलगांची सोय केली, आणि दंतेश्वरी देवीचे नाव दिले. विटा-चुना लागला असेल तेवढाच, पण आधी विचारले.

आता कामाचे दोन शब्द. माईच्या मुलाची आणि माझी ही हकीकत मी आमच्या दिंडीत सांगितली. आमच्या दिंडीत सत्तरी ओलांडलेले बरेच, काही बिदर-गुलबर्ग्याकडचे कानडी बोलणारे, दोन घरे तेलंगणातली. वाटेत कोणाला एकाएकी दवाखान्यात न्यावे लागले तर बरोबर जाणाऱ्याला त्याचे आडनावही ठाऊक नसते, सगळे नुसते 'माउली'! तेव्हा गेल्या आषाढीला आम्ही एकेक कागद केला. नाव, गाव, कोणती भाषा नीट समजते, घरच्या कोणाला कळवायचे. माळ गळ्यातून काढणे खरोखर भाग पडले तर कुठे ठेवायची, ती उशाशी की मनगटाला. एकादशीला काय चालते. आजार मोठा निघाला तर तो स्वतःला सांगावा की कोणा दुसऱ्याला आधी. दुखण्याच्या औषधाबद्दल काही मनात असेल तर ते. शेवटी जवळ कोण असावे. आणि ज्या गावी दवाखाना असेल त्या गावच्या भाषेत तोच मजकूर मागच्या बाजूला.

कोणी वकील महाशयांनी विचारले की हे कायद्यात बसते काय. हा कागद निराळा, तो निराळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जिवंतपणीचे इच्छापत्र मान्य केले, आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. यंत्रांनी श्वास लांबवू नये असे ज्याला वाटते त्याने ते अवश्य करावे. आमचा कागद केवळ उशाशी बसणाऱ्यासाठी.

पहिल्या दिवशी सत्तेचाळीस जणांनी लिहून दिले. बाकीचे म्हणाले, "बुवा, वारीच्या वाटेवर असलं अभद्र कशाला?" विणेकरी बुवा तर माझ्यावर रागावलेच. त्यांचे वय ब्याऐंशी. लोणंदच्या मुक्कामात रात्री त्यांनी मला हळूच उठवले आणि कंदिलाशी बसून म्हणाले, "माझं लिही. पण खाली एक टाक, मला कमी ऐकू येतं, डाव्या कानाशी बोला." ते लिहून घेतले. उरलेल्यांना आळंदीला कार्तिकीत पुन्हा विचारणार आहे.